रेडिओवहिनींनी बातम्या सोडल्या तेव्हा

आमच्या जाऊबाईंना सगळी खोली रेडिओवहिनी म्हणते. हे नाव मी ठेवलेलं नाही, आधीच सांगून टाकते, कारण घरात काही बिनसलं की खापर माझ्याच डोक्यावर फुटतं. नाव पडलं ते खोलीतल्या खऱ्या रेडिओमुळे. तो एका सकाळी घरघरला आणि जो गप्प बसला तो बसलाच. आम्हाला काम देणाऱ्या मालकांनी त्याला उघडून पाहिलं, फुंकर मारली, चार थपडा दिल्या, आणि शेवटी त्याच्यावर चहाचे कप ठेवायला लागले. त्याच दिवशी जाऊबाईंनी मालकांच्या टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला घेतलं.

खोली म्हणजे छत्र्यांची खोली. कापड दुसरीकडून शिवून येतं. आम्ही ते काड्यांवर चढवतो, ताणतो आणि प्रत्येक काडीच्या टोकाला सुईदोऱ्याने पक्कं करतो. मशीन नाही, आवाज नाही. हात गुंतलेले आणि कान रिकामे. रिकाम्या कानांत दुसरं काही घातलं नाही तर बायका एकमेकींच्या चुगल्या घालतात, हे मालकांनाही माहीत होतं, म्हणून त्यांनी वाचनाला हरकत घेतली नाही. जाऊबाईंची बोटं तेव्हाच आखडायला लागली होती. सुई धरली की सांधे ठणकायचे. मग त्या वाचायच्या आणि त्यांच्या वाटणीच्या छत्र्या आम्ही सगळ्या आपसांत वाटून घ्यायचो. कुणी बसून ठरवलं नव्हतं, आपोआप तसं पडत गेलं.

आता कोपऱ्यातल्या मावशींचं सांगते. त्यांची गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी कुठे तोंड सोडलं तर का सोडायला नको होतं ते तुमच्या ध्यानात येईल. मावशी तयार छत्रीच्या मुठीला जुन्या वर्तमानपत्राचा कागद गुंडाळायच्या, मूठ खरचटू नये म्हणून. वाचून झालेला पेपर दुसऱ्या दिवशी त्यांच्या कात्रीखाली जायचा. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. बोलायच्याही जेमतेम. मुलगा कुठे असतो विचारलं तर म्हणायच्या, ‘असतो बाहेरगावी, बरं चाललंय.’

खरी गोष्ट अशी की मुलगा समुद्रापलीकडे एका बंदरावर माल उतरवायच्या कामाला गेला होता, आणि तोही बापाशी कडाक्याचं भांडण करून. बापाचं सुतारकामाचं दुकान, मुलाने ते पुढे चालवावं एवढीच त्यांची इच्छा. मुलगा निघून गेला त्या दिवशी त्यांनी बजावलं, ह्या घरात पुन्हा त्याचं नाव निघायचं नाही. टीव्हीवर नुसतं त्या देशाचं नाव आलं तरी ते रिमोट उचलून टीव्ही बंद करायचे. घरात फोन एकच, तो त्यांच्या खिशात. मुलानेही मग फोन करायचं सोडून दिलं. मुलगा ज्या मुलखात आहे तिथलं काही कानावर पडेल अशी मावशींना एकच जागा होती, आमची खोली. जाऊबाई वाचायच्या आणि मावशी कोपऱ्यात कागद कापत त्या एका बंदराच्या नावाची वाट पाहायच्या. आम्हाला ह्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं.

बरं, जाऊबाई वाचायच्याही अशा की विचारू नका. मंत्र्याचा आवाज वेगळा, पोलिसाचा वेगळा. कुठे पूल कोसळला की त्यांचा आवाजही खाली जायचा आणि आम्ही सगळ्या सुया धरून बसायचो. मालक म्हणायचे, छत्री उघडून पाहिली की मला कळतं आज पेपरात काय होतं. वाईट बातमी असली की टाके इतके आवळलेले असायचे की छत्री उघडताना कुरकुरायची.

आम्ही टाके आवळून मोकळ्या व्हायचो. जाऊबाई मात्र सगळं घरी घेऊन यायच्या. जेवताना घास हातात तसाच. ‘त्या लोकांचं काय झालं असेल गं?’ कुठले लोक, तर नकाशावर बोट ठेवूनही सापडणार नाहीत असे. कुठल्या देशाच्या अध्यक्षाला कितवा झटका आला ते त्यांना पाठ, आणि आमच्या शेजारचं बिऱ्हाड सामानसुमानासकट निघून गेलं ते त्यांना कळलं नवीन लोक राहायला आल्यावर. मी म्हटलं, ‘अहो, आपल्या भिंतीपलीकडे माणसं बदलली.’ तर म्हणतात, ‘हो का? आणि तिकडे सीमेवर बघ काय चाललंय.’ मी हात टेकले.

मग त्यांना चक्कर यायला लागली. झोप उडाली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ब्लड प्रेशर पाहिलं, परत पाहिलं, आणि विचारलं, ‘घरी काही त्रास?’ माझ्याकडे बघून विचारलं बरं का. मी म्हटलं, ‘बाई, ह्यांना मी नाही छळत, अख्खं जग छळतंय.’ सगळी हकीकत ऐकून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, बातम्या बंद.

घरी आलो. स्वयंपाकघरात भाजी निवडायला बसल्यावर जाऊबाई म्हणाल्या, ‘बंद केल्या तर खोलीत मी काय करू? सुई तर धरवत नाही.’

‘बसा की नुसत्या.’

‘तुम्ही सगळ्या माझ्या वाटणीचं शिवायचं आणि मी पुतळ्यासारखी बसायचं? दुसऱ्या दिवशी मीच घरी राहीन.’

त्यांचा स्वभाव मला ठाऊक. फुकटचं घेणं त्यांच्या रक्तात नाही. खरंच घरी बसल्या असत्या, आणि घरी बसल्या असत्या तर आणखी खचल्या असत्या. माझं डोकं तडकलं. मी म्हटलं, ‘मग गल्लीच्या बातम्या वाचा. जगाला तुमची गरज नाही. इथे कोपऱ्यावरच्या गटाराची फरशी तुटलीय, रोज कुणीतरी आपटतंय, ती बातमी कोण देणार?’

मी रागात बोलले होते. त्यांनी ते खरं मानलं.

दुसऱ्या दिवसापासून जाऊबाई सकाळी लवकर निघून गल्लीतून चक्कर मारून खोलीवर यायला लागल्या. बेकरीवाल्यापाशी थांबायच्या, शाळेच्या फाटकावरच्या शिपायाशी बोलायच्या, इलेक्ट्रिशियनच्या दुकानात डोकावायच्या. मालकांचं वर्तमानपत्र टेबलावर घडी न मोडता पडून राहायचं, मालक दुपारी चाळायचे आणि मग ते मावशींच्या गठ्ठ्यात जायचं. जाऊबाई आपल्या जागेवर बसून घसा साफ करायच्या आणि त्याच मंत्र्याच्या आवाजात सुरू व्हायच्या. ‘बेकरीची भट्टी कालपासून थंड. कारागीर भाजला आहे, हाताला पट्टी आहे, जिवाला धोका नाही. शाळेच्या नव्या मुख्याध्यापिकेने घंटा बदलली, जुनी घंटा शिपायाने घरी नेली. इलेक्ट्रिशियनचं कुत्रं परत आलं. कुठे गेलं होतं हे सांगण्यास त्याने नकार दिला.’

खोली हसून हसून लोळायची. आणि नुसतं हसणं नव्हतं. गटाराच्या फरशीची बातमी त्या रोज द्यायच्या. रोज म्हणजे रोज, शब्द न बदलता. शेवटी आमच्यातल्या एकीला ते असह्य झालं आणि ती नवऱ्याला आणि दिराला घेऊन गेली, आणि त्यांनी फरशी बसवली. भाजलेल्या कारागिराच्या घरी आळीपाळीने डबा जायला लागला. नव्या शेजारणीशी जाऊबाईंची गट्टी जमली. त्यांना भूक लागायला लागली, झोप यायला लागली. डॉक्टरीणबाईंनी गोळी अर्धी केली. मी घरात छाती पुढे काढून हिंडत होते, कारण अक्कल माझी होती. छत्र्यासुद्धा लोण्यासारख्या उघडत होत्या.

मधल्या काळात त्या बंदरावर काय काय होत होतं ते आम्ही कुणीच पाहिलं नाही.

मग एक दिवस मालक तणतणत आत आले. एका दुकानदाराने गठ्ठाच्या गठ्ठा परत पाठवला होता. मुठी खरचटलेल्या. निम्म्या छत्र्यांना कागदच गुंडाळलेला नव्हता. मालक माणूस वाईट नाही, पण त्यांचा आवाज चढला की भिंतीवरची धूळ पडते. ‘मावशी, कागद कमी पडतो का तुम्हाला? रोजचा पेपर जातो कुठे?’

मावशींनी मान खाली घातली. मालक गेले, आणि माझं तोंड कुठलं गप्प बसतंय. मी त्यांची पिशवी फुगलेली रोज बघत होते. म्हटलं, ‘मावशी, घरी न्यायचा तर न्या कागद, पण मुठी तरी उघड्या ठेवू नका. बोलणी सगळ्या खोलीला बसतात.’

मावशींनी पिशवी पुढे ओढली आणि आतून कागद काढले. चुरगळलेले नाहीत, नीट घडी घातलेले. प्रत्येकावर एक फोटो, आणि प्रत्येक फोटोत कुठे ना कुठे जहाज. एका फोटोत धूर होता. ते कागद त्यांनी माझ्याकडे नाही, जाऊबाईंच्या हातात दिले.

‘वहिनी, मला चित्रावरून कळत नाही. हे तेच बंदर आहे का, आणि तिथे काय झालंय, एवढं वाचून दाखवता?’

मग त्यांनी सांगितलं. मुलाचं, भांडणाचं, टीव्हीचं, सगळं. जेवढं आजवर बोलल्या नव्हत्या तेवढं एका दमात बोलल्या. मला माझ्याच जिभेची लाज वाटली. जाऊबाईंनी विचारलं, ‘अहो, मग मी वाचायचं बंद केलं तेव्हा बोलला का नाहीत?’

‘तुमची तब्येत सुधारत होती,’ मावशी म्हणाल्या. ‘हसत होतात तुम्ही. मी कुठल्या तोंडाने मागू?’

जाऊबाईंनी चष्मा पुसला. मी त्यांचा हात धरून हळूच म्हटलं, ‘डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय लक्षात आहे ना. आणा इकडे, मी वाचते.’ त्यांनी माझा हात बाजूला केला. सगळे कागद मांडीवर घेऊन तारखांप्रमाणे लावले आणि वाचायला सुरुवात केली. ह्या वेळी मंत्र्याचा आवाज नाही, पोलिसाचा नाही. साध्या आवाजात. आधी कामगारांचा संप. मग दगडफेक, लष्कर आलं. मग बंदर बंद, फोन बंद. मग गोदामाला आग. वाचता वाचता त्या जराशा थांबल्या आणि पुढे गेल्या.

मावशी म्हणाल्या, ‘वहिनी, एक ओळ सोडलीत.’

‘नाही हो.’

‘सोडलीत. इतकी वर्षं ऐकतेय मी तुम्हाला. तुमचा श्वास चुकला. ती पण वाचा.’

जाऊबाईंनी वाचली. आगीत काही कामगार दगावले होते. नावं दिलेली नव्हती. शेवटच्या कागदात एवढंच होतं की उरलेल्या कामगारांना आतल्या भागातल्या एका गावात शाळेच्या इमारतीत ठेवलंय. त्यानंतर काही नाही. मावशींचा मुलगा दगावलेल्यांत की उरलेल्यांत, ते त्या कागदांत कुठेच नव्हतं. मावशींनी ते घडी घालून परत पिशवीत ठेवले आणि मुठींना कागद गुंडाळायला बसल्या. त्या दिवशीच्या छत्र्या कशा झाल्या असतील ते मालकांना विचारा.

घरी आमचं वाजलं. मी म्हटलं, ‘आता पुन्हा सगळं जग डोक्यावर घेऊ नका.’ जाऊबाई म्हणाल्या, ‘सगळं नाही घेणार. त्या बंदराचं तेवढं घेणार.’ मी म्हटलं, ‘आणि परत चक्कर आली तर?’ म्हणाल्या, ‘तर तू आहेस ना ओरडायला.’ दुसऱ्या दिवसापासून खोलीत तसाच क्रम लागला. आधी गल्ली, मग बंदर. बंदराची बातमी नसली तर जाऊबाई सगळी पानं उलटून दाखवायच्या आणि म्हणायच्या, ‘मावशी, आज काही नाही.’ मावशी मान हलवायच्या. बाकीच्या जगाने आपलं आपण पाहून घ्यावं असं ठरलं.

पण नुसतं वाचून मुलगा जिवंत आहे का ते कळत नव्हतं. तिथे गल्ली कामाला आली. सकाळच्या चकरेत जाऊबाईंनी भेटेल त्याला विचारायला सुरुवात केली, तिकडे ओळखीचं कुणी आहे का. कशासाठी, ते सांगायच्या नाहीत. मावशींचं नाव त्यांनी कुठे काढलं नाही. बेकरीवाल्याने नाही म्हटलं, शिपायाने नाही म्हटलं. इलेक्ट्रिशियन म्हणाला, माझा मेहुणा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी आहे, त्याला विचारून बघतो. हे सांगताना तो कुत्र्याचं अंग खाजवत होता. पूर्वीच्या जाऊबाई त्याच्या दुकानावरून रोज जायच्या आणि त्याला मेहुणा आहे हेही त्यांना माहीत नसायचं.

मेहुण्याने दुसऱ्या जहाजावरच्या कुणाला सांगितलं, त्याने आणखी कुणाला. मुलाचं नाव आणि मालकांच्या टेबलावरच्या फोनचा नंबर असा निरोप पुढे पुढे जात राहिला. मालकांना आम्ही विचारलंसुद्धा नव्हतं. कळल्यावर ते म्हणाले, ‘फोन मोकळा ठेवतो.’ आणि खरंच ठेवला. कुणी व्यापारी लांबड लावायला लागला की ते दोन शब्दांत फोन ठेवून द्यायचे.

बरेच दिवस काही झालं नाही. मावशींचा चेहरा उतरत चालला होता. गुंडाळलेला कागद सोडून पुन्हा गुंडाळायच्या. आम्ही सगळ्या त्या टेबलाकडे बघत शिवायचो आणि बोटांत सुया टोचून घ्यायचो.

फोन आला तेव्हा जाऊबाई पाण्याच्या टाकीची बातमी वाचत होत्या. मालकांनी उचलला, ऐकलं, आणि रिसीव्हर मावशींकडे धरला. मावशी उठल्या, त्यांच्या मांडीवरची कात्री खाली पडली. त्यांनी फोन कानाला लावला आणि नुसत्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘हो. मीच आहे.’

आमचा जीव भांड्यात पडला. मी तर डोळे पुसायला छत्रीचं कापड घेतलं, नवं कोरं. तेही मालकांच्या देखत.

तो जेवतो का, झोपतो कुठे, लागलं का कुठे, हे त्यांनी विचारून घेतलं. मग तो तिकडून काहीतरी म्हणाला आणि मावशी गोंधळून आमच्याकडे बघायला लागल्या. ‘विचारतोय, तिकडे काय नवीन?’

बाईने आयुष्यात कधी कुणाला बातमी सांगितली नव्हती. पण सुरू झाल्या. ‘कोपऱ्यावरच्या गटाराची फरशी बसवली बरं का. बेकरीतला कारागीर भाजला होता, आता बरा आहे, कालपासून भट्टी पेटली. शाळेची घंटा बदलली. तू असताना होती ना, ती शिपायाच्या घरी आहे. इलेक्ट्रिशियनचं कुत्रं हरवलं होतं, आलं परत.’ एक शब्द चुकल्या नाहीत. जाऊबाईंनी गेल्या कित्येक दिवसांत जे जे वाचलं होतं ते सगळं त्यांना मुखोद्गत होतं. तो तिकडून मध्ये मध्ये विचारत असावा, कारण त्या थांबायच्या आणि सांगायच्या, ‘हो, तोच कोपरा. तू पडला होतास तो.’ समुद्रापलीकडे एका शाळेच्या इमारतीत जीव मुठीत धरून बसलेला मुलगा आमच्या गटाराची चौकशी करत होता. जाऊबाईंनी हातातला पेपर बाजूला ठेवला होता आणि त्या खुशाल रडत होत्या.

मग मावशी थांबल्या. त्याने काय विचारलं ते त्यांच्या तोंडावरून सगळ्या खोलीला कळलं. बापाचं विचारलं असणार. ती बातमी आमच्यापैकी कुणाकडे नव्हती.

मावशींनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, ‘ते सांगेन तुला पुढच्या वेळी. आज घरी जाऊन बोलते.’

त्या संध्याकाळी मावशी निघताना जाऊबाई त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेल्या. मी विचारलं, ‘काय म्हणालात?’ तर म्हणाल्या, ‘काही नाही. घरी सगळं सांगा, एवढंच म्हटलं.’ रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा नाही. तो सुतार मी पाहिलेला आहे. रस्त्याने जाताना समोरच्याकडे बघणार नाही असा माणूस.

दुसऱ्या दिवशी मावशी नेहमीच्या वेळेला आल्या, आपल्या कोपऱ्यात बसल्या, कात्री घेतली. विचारायची कुणाची हिंमत होईना. जाऊबाईंनी घसा साफ केला, चष्मा लावला.

‘वहिनी,’ मावशी म्हणाल्या, ‘आजची पहिली मी सांगू?’

जाऊबाईंनी पेपर मिटला.

मावशींनी कात्री खाली ठेवली. ‘काल मी ह्यांना सगळं सांगितलं. ते उठून आतल्या खोलीत गेले. मी ताटं घेतली, हाक मारली, तरी आले नाहीत. मग बातम्यांची वेळ झाली तेव्हा बाहेर आले, टीव्ही लावला आणि समोर बसले. त्या देशाचं नाव आलं. रिमोट हातातच होता ह्यांच्या.’

त्यांनी मुठीचा कागद घेतला, ठेवला.

‘बंद नाही केला. आवाज वाढवला, आणि मला म्हणाले, ये, बस इथे.’